पिंपाआडचा गडी

आमच्या घराण्यात बाईने नवऱ्याचे नाव उखाण्यात घ्यावे, एरवी नाही. माझे यजमान हौसराव ह्यांना जाऊन पुष्कळ वर्षे लोटली, तरी आत्ता त्यांचे नाव लिहिताना माझा हात क्षणभर अडखळला. हल्लीच्या मुली नवऱ्याला नावाने हाक मारतात, प्रसंगी 'अरे'ही म्हणतात; त्यांचे त्यांच्यापाशी. माझी सून अनुपमा शिकलेली, शिरूरच्या कॉलेजातून कॉम्प्युटरची पदवी घेतलेली. लग्न होऊन ती निमोण्याहून आमच्या राहू गावी आली, तेव्हा मी तिला कसलाही नियम सांगितला नव्हता. तरीही पहिल्याच सकाळी चहाचा कप हातात घेऊन तिने माझ्या मुलाला 'अहो' अशी हाक मारली, आणि देवघरात बसल्या बसल्या मी मनाशी म्हटले, सोयरीक चांगल्या घरात झाली.

हे आधी सांगायचे कारण एवढेच, की शेवंताबाईने मला जे सांगितले ते ऐकून माझ्या काळजाचे पाणी का झाले, ते कळावे.

शेवंताबाई आमच्याकडे भांड्याधुण्याला येते. विक्रमला जाऊन तेव्हा एक पावसाळा उलटला होता. गेल्या गळिताच्या हंगामात, पाटसच्या कारखान्यावरून घरी येताना, उसाच्या बिनदिव्याच्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल गेली. माझा एकुलता मुलगा. त्याबद्दल ह्याहून अधिक मी लिहिणार नाही.

शेवंताबाई पदराला हात पुसत माझ्यासमोर उभी राहिली. "बाई, राग मानू नगा. पन सूनबाई दुपारच्या खोलीत कुनाशी तरी बोलत्यात."

"फोनवर असेल."

"फोन तर हितं ओट्यावर चार्जिंगला हाय की. दोन दिस झालं बघती मी. आन्…" ती जवळ सरकली. "'अहो' म्हनत्यात. 'अहो, थांबा, फुडं जाऊ नगा' असं. मी काय कान लावून बसले न्हवते. भांडी घासता घासता आलं कानावर."

"गावात कुठं बोललीस?"

"माझी जीभ झडंल, बाई."

"झडायच्या आधी आवर. आणि कढईला अजून काळं आहे, ती परत घास."

ती गेली. मी मात्र जागची हलले नाही. ह्या घरात माझ्या शब्दाशिवाय विहिरीची मोटर सुरू होत नाही. मी गावची सरपंचकी केली, भावकीतले तंटे ओसरीवर बसून मिटवले. कुणाच्या पोटात काय आहे ते मला चेहऱ्यावरून कळते असा माझा समज होता. आणि माझ्याच घरात, माझ्याच सुनेच्या तोंडी, कुणा परक्यासाठी तो शब्द! मुलगी तरुण आहे, मूलबाळ नाही, उद्या तिने दुसरा संसार मांडायचे म्हटले तर मी आडवी येणार नव्हते. पण त्यालाही एक रीत असते. माझ्याशी बोलायला हवे होते. आणि तो शब्द, एवढ्या लवकर?

दुसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर मी वर गेले. दार लोटलेले होते. आतून तिचा आवाज आला, हळू, कुणाला चुचकारावे तसा.

"अहो, खाली बसा ना. दिसताय तिकडून."

मी माझ्या घरातल्या दारावर टकटक करीत नाही. ढकलले आणि आत गेले.

खोलीत कुणी नव्हते. अनुपमा खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती आणि समोर विक्रमचा कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर एक मोकळे मैदान. कुठे ट्रॅक्टरच्या टायरांचे ढीग, कुठे लाकडी फळ्यांचे आडोसे, कुठे पत्र्याची पिंपे. एका निळ्या पिंपाच्या आड एक बाहुला गुडघा टेकून बसलेला. अंगात निळी जर्सी, हातात बंदुकीसारखे काहीतरी. त्याच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरे तरंगत होती. मी जुनी मॅट्रिक आहे. ती मला वाचता आली. एक एक अक्षर लावले. अहो.

अनुपमा दचकून उठली. पदर सावरण्यासाठी तिचा हात खांद्याकडे गेला, पण अंगात ड्रेस होता.

"हे काय आहे?" मी विचारले.

"खेळ आहे, आत्या." आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. "ह्यांनी घेतला होता. पेंटबॉलचा. अगदी स्वस्तातला."

"आणि हा कोण?"

 पडद्यावरचा बाहुला उठला, तिच्याकडे पाहावे तसा आमच्याकडे तोंड करून उभा राहिला आणि पुन्हा बसला.

मी पलंगावर टेकले. "सांग. सगळं सांग. मी रागावलेली नाही."

मग तिने सांगितले. ह्या खेळात गोळ्या खऱ्या नसतात, रंगाच्या असतात. दोन संघ. ज्याच्या अंगावर रंग उडाला तो बाद. समोरच्या टोकाला एक झेंडा असतो, तो जाऊन उपटला की जिंकलो. चार गडी इकडे, चार तिकडे. त्यांतला एक आपण, आणि बाकीचे सगळे कॉम्प्युटर चालवतो, आपले सोबतीही आणि समोरचे वैरीही.

"हंगामात ह्यांना कारखान्यावर जावं लागायचं, शेतकी खात्यात रात्रपाळी असायची," ती म्हणाली. "मी एकटीच असायची खोलीत. मग ह्यांनी हा खेळ आणला. म्हणाले, मी नसलो तर हे खेळतील तुझ्यासोबत. सगळ्या गड्यांना नावं द्यायची सोय आहे. बाकीची ह्यांनीच दिली. पण ह्यांच्या गड्याला म्हणाले, माझं नाव तुझ्या हातानं टाक. मला टाकवेना. मग मी तेवढंच टाकलं. खूप हसले होते. म्हणाले, आता अख्खा संघ मला अहो म्हणेल."

ती हसली नाही. मीही नाही.

"बाकीचे कोण?" मी विचारले. विचारणे भाग होते; खोलीतली हवा तशी झाली होती.

तिने बोटाने दाखवले. आमच्या बाजूचा एक गडी दूरवर फळ्यांच्या भिंतीला नाक लावून जागच्या जागी चालत होता. पाय हलत होते, पुढे काही जात नव्हता.

"हे साहेबराव."

साहेबराव हे माझे धाकटे दीर. "असा का चालतोय?"

"खेळ स्वस्तातला आहे ना, आत्या. गड्यांना अक्कल कमी दिलीय. भिंत आली की बाजूनं जायचं कळत नाही."

"हुबेहूब भावजी," मी म्हणाले, आणि तिच्या तोंडून कितीतरी महिन्यांनी हसण्यासारखा आवाज निघाला. तेवढ्यात मला मैदानाच्या मधोमध एक पिवळी जर्सी दिसली. तो गडी लपला नव्हता की बसला नव्हता. बंदूक उगारून भर उन्हात ताठ उभा होता. मी डोक्यावरची अक्षरे वाचू लागले तशी अनुपमाने माझ्या हातावर हात ठेवला.

"आत्या, ते ह्यांनी नुसतं गंमतीनं…"

सोजराबाई.

माझ्या मुलाने मला समोरच्या संघात घातले होते.

"काय म्हणाला होता, नाव देताना?" मी विचारले.

"प्रत्येक गड्याला तीन पट्ट्या असतात. धाडस, नेम आणि सोबत. पट्टी जेवढी ओढू तेवढा तो गुण. तुमचं धाडस आणि नेम दोन्ही त्यांनी शेवटपर्यंत ओढलं. म्हणाले, आई लपायची नाही. सरळ येईल आणि मारेल. आईपुढून जो झेंडा घेऊन जाईल तोच खरा."

"आणि स्वतःचं?"

"स्वतःचं धाडस कमी ठेवलं. नेमही कमीच. म्हणाले, माझा नेम तुला ठाऊकच आहे. फक्त सोबतीची पट्टी पूर्ण ओढली." तिने बाहुल्याकडे पाहिले. "म्हणून हे मला सोडत नाहीत. मी जाईन तिथं माझ्यामागं येतात. आणि मागं येतात म्हणून पहिला रंग ह्यांनाच लागतो. प्रत्येक वेळी. मी झेंड्याकडं निघाले की हे बाद."

"मग?"

"मग मी जात नाही."

ते मला कळायला थोडा वेळ लागला. डाव सुरू झाला की ती त्याला घेऊन पहिल्याच पिंपाआड बसायची. काहीच करायचे नाही. तो तिच्याजवळ गुडघा टेकून बसायचा. समोरचे गडी दिसल्याशिवाय अंगावर येत नाहीत, तेवढीही अक्कल त्यांना नाही. आणि डावाला वेळेचे बंधन बनवणाऱ्याने घातलेलेच नव्हते. स्वस्तातला माल. त्यामुळे वीज असेपर्यंत, वीज गेली तर इन्व्हर्टर असेपर्यंत, माझी सून एका रंगवलेल्या पिंपाआड नवऱ्याच्या शेजारी बसून राहत होती. आणि मैदानाच्या मध्यभागी सोजराबाई बंदूक उगारून उभी होती, भलतीकडेच तोंड करून.

मी उठले. दारात थांबून म्हणाले, "शेवंता ऐकते. हळू बोलत जा."

त्यानंतर मी रोज दुपारी वर जाऊ लागले. कारण सांगायचे झाले तर खालच्या खोलीत उकडते. अनुपमा खुर्चीत, मी पलंगावर, हातात जपमाळ. बोलणे फारसे नसे. तो बाहुला मधूनच उठे, इकडे तिकडे बघे, पुन्हा बसे. त्याची मान किंचित डावीकडे कललेली असे. विक्रमचीही असे. कोण्या परदेशातल्या माणसाने तो बाहुला घडवला, त्याला माझा मुलगा काय ठाऊक; पण मान तशी होती, आणि मी ती पाहत होते. एके दिवशी पाहुणे आले म्हणून मला वर जाता आले नाही, तर त्यांच्या पुढ्यात पोह्यांची बशी ठेवताना माझे चित्त जिन्याकडे होते. जपमाळेचे मणी बोटांतून जात, पण नामाचे स्मरण नसे.

दिवाळी झाल्यावर अनुपमाचा भाऊ पृथ्वीराज निमोण्याहून आला. मुलगा वागायला चांगला आहे. पाया पडला, ओसरीवर बसला, शेतीपाण्याचे विचारले. मग म्हणाला, "मावशी, शिरूरच्या कॉलेजात तायडीला नोकरी मिळतीय. कॉम्प्युटर शिकवायची. तिचे जुने सर तिथं आहेत, त्यांनी स्वतः सांगितलंय. सोमवारी हजर व्हायचं. ती न्हाई म्हणती."

"मला काही बोलली नाही."

"मला म्हणाली, ह्यांना सोडून कशी येऊ." त्याने खाली पाहिले. "मावशी, मी काय समजायचं? फोटोसमोर बसती का दिवसभर? घरची म्हणत्यात, डॉक्टरला दाखवू."

"डॉक्टरचं काही काम नाही."

"मग तुम्ही शब्द टाका. तुमचा शब्द ती मोडायची न्हाई. न्हाईतर असं करू, तिचं सगळं सामान, ते मशीन बिशीन, सगळंच गाडीत टाकून नेतो. तिथं गेल्यावर रमंल."

मी त्याला जेवून जा म्हणाले आणि आत आले. एरवी अशा वेळी माझा निकाल ओठांवर तयार असतो. तिला धाडायचे, हे कुणालाही कळण्यासारखे होते. पण यंत्र तिच्यासोबत गेले, तर ती शिरूरच्या खोलीत त्याच पिंपाआड बसणार. शिकवून आली की दार लावून घेणार. आणि यंत्र इथे ठेवून घेतले, तर कोण बसणार, ते मला पक्के ठाऊक होते. तिला जाऊ दे म्हणणे म्हणजे त्या कललेल्या मानेलाही जाऊ दे म्हणणे होते. पृथ्वीराजला वाटत होते, मी सुनेचा विचार करते आहे. मी दोन घास कमी जेवले आणि काहीच बोलले नाही. तो आशेने माझ्याकडे पाहत पाहत निघून गेला.

दुपारी वर गेले. डाव मांडलेलाच होता. तो पिंपाआड बसलेला.

"पृथ्वीराज आला होता," मी म्हणाले.

"माहीत आहे, आत्या."

"हा बाद झाला की कुठं जातो?"

तिने वळून पाहिले. "म्हणजे?"

"रंग लागला की गडी कुठं जातो? नाहीसा होतो का?"

"नाही. हात वर करतो. म्हणजे मी बाद, आता मारू नका. मग चालत मैदानाबाहेर जातो. कुंपणाशी बाकडं आहे, तिथं बसतो."

"तू पाहिलंस?"

"बाकीच्यांना पाहिलंय. ह्यांना नाही. ह्यांना लागलं की मी लगेच बंद करते."

मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. विक्रमला नेले तेव्हा आम्ही दोघी अंगणाच्या कडेला उभ्या होतो. आमच्या घराण्यात बायका तिथून पुढे जात नाहीत. पुरुष खांदा देतात, विसाव्याच्या जागी तिरडी टेकवून खांदे बदलतात, मग नदीकडे जातात आणि परत येताना मागे वळून पाहत नाहीत. आम्हाला दिसली ती फक्त कोपऱ्यावरून वळणारी माणसांची पाठ. पुढचे सगळे आम्हाला इतरांनी सांगितलेले. ती रीत मी कधी मोडली नाही. हौसरावांच्या वेळीही मी त्याच कडेला उभी होते. पण तो नदीचा रस्ता होता आणि हे मैदान होते. इथे मला अडवणारे कुणी नव्हते.

"आज बंद करायचं नाही," मी म्हणाले. "आज त्याला बाकड्यापर्यंत पोचवायचं. आपण दोघींनी."

तिने कॉम्प्युटरच्या कडेला घट्ट धरले. "आत्या, नको."

"ऊठ म्हणते मी त्या पिंपाआडून."

"तुम्हीच उभ्या आहात समोर."

"मला दिसतंय."

 मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ड्रेसच्या कापडातून तिच्या मणक्याचे हाड हाताला लागले. ह्या मुलीने जेवण कमी केले आहे हेही माझ्या लक्षात आले नव्हते. मग तिची बोटे हलली आणि पडद्यावरचे मैदान सरकू लागले. पिंप मागे राहिले. तिच्या अंगाला लागून तो निघाला, अगदी लगटून, जसा तो माझ्या मागे बाजाराला यायचा लहानपणी. टायरांचा एक ढीग ओलांडला. दुसऱ्या ढिगापाशी आलो आणि मधोमध उभी असलेली ती पिवळी जर्सी गर्रकन वळली.

सोजराबाईने विचार केला नाही. करणारच नव्हती, धाडसाची पट्टी शेवटपर्यंत ओढलेली. फट्, फट् असा आवाज झाला. त्याच्या छातीवर हळदीसारखा पिवळा डाग उमटला. पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजीत एक ओळ आली. अनुपमाने ती वाचली नाही, मीही वाचून दाखव म्हटले नाही. तीत दोन नावे होती, एक मारणाऱ्याचे आणि एक बाद झालेल्याचे.

अनुपमाचा हात सवयीने बंद करण्याच्या खुणेकडे गेला.

"थांब," मी म्हणाले.

त्याने हात वर केला. आधी जरा थांबला, आपल्याला लागले हे कळायला वेळ लागावा तसा, आणि मग वळून कुंपणाच्या दिशेने चालू लागला. सावकाश, मान डावीकडे, एक हात डोक्याच्या वर. आम्ही पाहत होतो. मध्ये टायरांचा ढीग आला. बाजूने वाट होती. पण तो ढिगाला छाती लावून जागच्या जागी पाय टाकीत राहिला. हात वर तो वरच.

"अडकले," अनुपमा म्हणाली. "आत्या, हे अडकले."

"मग?"

"मागून ढकललं तर सुटतात."

"तुला लागेल का?"

"मी ढिगाच्या आड आहे. नाही लागणार."

ती त्याच्यामागे गेली. तिचा खांदा त्याच्या पाठीला टेकला. पडद्यावर ते सगळे फार ओबडधोबड दिसत होते. त्याची निळी पाठ पडदाभर पसरलेली. तिने रेटले. तो इंचभर सरकला, पुन्हा अडकला. तिने पुन्हा खांदा लावला. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होते आणि बोटे थांबत नव्हती. मीही नकळत पलंगाची कड धरून पुढे वाकले होते, जणू माझे वजनही त्याला लागणार होते. शेवटी तो ढिगाच्या कडेने सुटला. तिथून पुढे वाट मोकळी होती. बाकड्यापाशी जाऊन त्याने हात खाली घेतला आणि बसला.

 खाली शेवंताबाईने बादली आदळली.

"बघतायत," अनुपमा म्हणाली.

खरेच होते. ती ढिगाच्या डावीकडे गेली की बाकड्यावर बसल्या बसल्या त्याची मान डावीकडे वळे. उजवीकडे आली की उजवीकडे. बाद झाला तरी सोबतीची पट्टी तेवढी तशीच राहिली होती. बनवणाऱ्याची चूकच असणार ती.

"बघू दे. तू जा झेंड्याकडे."

"समोर तुम्ही आहात."

"मग मार मला."

"आत्या!"

"मार म्हणते ना. त्यानं काय सांगितलं होतं तुला? आईपुढून जाईल तोच खरा."

ती ढिगाआडून निघाली. विक्रमचा नेम जेवढा वाईट तेवढा तिचा चांगला असावा. पहिल्याच गोळीत सोजराबाईच्या पिवळ्या जर्सीवर निळा डाग पडला. सोजराबाईने हात वर केला. मी तिला ताठ मानेने चालत जाताना पाहिले. तिचे बाकडे समोरच्या कुंपणाशी होते. ती जाऊन बसली. मैदानाच्या ह्या टोकाला तो, त्या टोकाला ती. तो अनुपमाकडे बघत होता आणि सोजराबाई कुणाकडेच नाही, नुसती समोर. बाकीचे तीन पिवळे गडी कुठेतरी भिंतींना नाके लावून चालत असणार. अनुपमा पळत गेली आणि तिने झेंडा उपटला.

शिट्टी वाजली. आणि जे मला ठाऊक नव्हते ते झाले.

पडदा क्षणभर काळा होऊन उजळला. सगळे गडी पुन्हा आपापल्या जागी, धुतल्यासारख्या कोऱ्या जर्सीत. साहेबराव भिंतीकडे निघालेले. सोजराबाई मध्यभागी. निळ्या पिंपाशेजारी तो, गुडघा टेकून, मान कललेली. छातीवर डाग नाही. पडद्यावर काहीतरी लिहून आले होते.

"काय विचारतंय?" मी म्हणाले.

"पुढचा डाव खेळायचा का, म्हणून."

माझ्या घरात निकाल माझा असतो. मी 'बंद कर' म्हणायला हवे होते. शब्द घशापर्यंत आला आणि तिथेच थांबला. तो बसला होता. काही झालेच नसल्यासारखा बसला होता. एक कळ दाबली की उठून तिच्या अंगाला लागून चालू लागणार होता.  मी अनुपमाकडे पाहिले नाही, पण ती माझ्याकडे पाहते आहे हे मला कळत होते. कुणाचाच चेहरा मला वाचता येत नव्हता, माझा मात्र तिने वाचला.

"आत्या," ती म्हणाली, "पोचवलं आपण त्यांना."

आणि तिने स्वतः बंद केले.

सोमवारची हजेरी होती म्हणून रविवारी निघायचे ठरले. शनिवारी पृथ्वीराज जीप घेऊन सामान न्यायला आला. त्याला वाटले माझ्या शब्दाने काम झाले. त्याने माझे पाय धरले, मी धरू दिले. कॉम्प्युटरच्या वायरी गुंडाळताना अनुपमाने विचारले, "मशीन इथं राहू दे, आत्या? मी दुसरं घेईन."

"मला त्याचं काय करायचंय? घेऊन जा. तुझ्या कामाचं आहे."

"खेळ काढून टाकू का त्यातला?"

मी जरा विचार केला. "काढायचं कशाला? तो बाकड्यावर बसलाय. बसू दे."

तिने मान हलवली. पृथ्वीराज एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहू लागला. त्याला आम्ही काही सांगितले नाही.

सामान घेऊन जीप गेली; अनुपमा मागे थांबली. दुसऱ्या दिवशी एसटीने एकटी जाणार म्हणाली. मी कुणाला दारापलीकडे पोचवायला जात नाही, सारे राहू हे जाणते. रविवारी मी पायांत चपला घातल्या तेव्हा शेवंताबाई हातातला खराटा टाकून बघत राहिली.

"बाई, कुठं निघाला?"

"स्टँडवर. तू अंगण झाड."

विसाव्याच्या जागेवरून रस्ता जातो. तिथे आम्ही दोघी थांबलो नाही, पण पावले हळू झाली. स्टँडवर सिमेंटचे बाकडे आहे. मी त्यावर बसले. शिरूरची गाडी आली. अनुपमा पाया पडली. मी तिला म्हणाले, "शनिवारी येत जा. रोज नीट जेव. आणि गाडी सुटली की मागं वळून पाहायचं नाही."

"बरं, आत्या."

ती खिडकीपाशी बसली. गाडी सुटली. माझा शब्द तिने पाळला. तिची पाठ तेवढी दिसत राहिली, मग तीही दिसेना. गाडी पारगावच्या रस्त्याला लागली, उसाच्या फडाआड गेली, पुढच्या मोकळ्या पट्ट्यात पुन्हा दिसली, पुन्हा आड झाली. रस्ता डावीकडे वळतो. मी बाकड्यावर बसल्या बसल्या मान वळवत राहिले.